नायकाची वाढ कशी वाचावी: मानवतावादी मानसशास्त्रातून व्यक्तिरेखेचे विश्लेषण

चित्रपटातील मुख्य पात्राचे मानवतावादी मानसशास्त्राच्या आधारे विश्लेषण करायचे म्हटले की बहुतेक जण मानसशास्त्रज्ञ मॅस्लो यांच्या नावाने ओळखला जाणारा मानवी गरजांचा त्रिकोण काढतात, त्याच्या पाच पायऱ्यांवर नायकाला एकेक करून चढवतात आणि शेवटच्या दृश्याला ‘आत्मवास्तविकीकरण’ (स्वतःमधील क्षमता प्रत्यक्षात उतरवणे) असे नाव देऊन मोकळे होतात. असे लेखन अगदीच चुकीचे असते असे नाही. पण ते वाचून ना चित्रपट अधिक कळतो, ना मानसशास्त्र. पुढे मांडलेली पद्धत एका प्रश्नाभोवती उभी आहे: हे पात्र स्वतःची किंमत कोणाच्या मापाने करते, आणि ते माप चित्रपटात नेमके कुठे बदलते? या प्रश्नाचे उत्तर दृश्यांमधून काढता आले, तर सिद्धांतातील बाकीच्या संज्ञा आपोआप आपापल्या जागी बसतात.

उदाहरण म्हणून अकिरा कुरोसावा यांचा १९५२ सालचा ‘इकिरू’ हा जपानी चित्रपट घेतला आहे. त्याचे कथानक शेवटासकट येथे येणार असल्याने, ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी आधी पाहून घ्यावा. हाच चित्रपट निवडण्याचे कारण असे की त्याचा नायक कांजी वातानाबे (ही भूमिका ताकाशी शिमुरा यांनी केली आहे) शरीराने खचत जातो आणि नेमक्या त्याच काळात माणूस म्हणून वाढतो. गरजांच्या पायऱ्या खालून वर मोजत जाणाऱ्याची येथे पहिल्याच पावलाला पंचाईत होते, आणि शिकण्यासाठी अशी पंचाईत उपयोगी असते.

सिद्धांत किती लागतो

मानवतावादी मानसशास्त्राची चळवळ विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत आकाराला आली. मनोविश्लेषण आणि वर्तनवाद या दोन प्रबळ प्रवाहांच्या तुलनेत तिला ‘तिसरी शक्ती’ म्हटले गेले. माणूस म्हणजे केवळ बालपणातील दडपलेल्या संघर्षांचा परिणाम नव्हे आणि केवळ उद्दीपक व प्रतिसाद यांची साखळीही नव्हे. तो निवड करतो, अर्थ शोधतो आणि योग्य परिस्थिती मिळाली तर स्वतःच्या क्षमतांच्या दिशेने वाढतो, ही तिची मूळ भूमिका होती. विश्लेषणासाठी या परंपरेतील दोन माणसे प्रामुख्याने लागतात: अब्राहम मॅस्लो आणि कार्ल रॉजर्स.

मॅस्लो यांनी गरजांची श्रेणी १९४३ सालच्या एका शोधनिबंधात मांडली. शारीरिक गरजा, सुरक्षितता, प्रेम व आपलेपणा, प्रतिष्ठा आणि शेवटी आत्मवास्तविकीकरण हा तिचा क्रम सर्वांना पाठ असतो. मात्र त्या निबंधात त्रिकोणाची आकृती नाही, आणि हा क्रम लवचीक आहे असे मॅस्लो यांनी तेथेच स्पष्ट केले आहे, या दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. एक गरज पूर्ण भागल्याशिवाय दुसरी जागीच होत नाही असे त्यांचे म्हणणे नव्हते. समजण्यापुरते काल्पनिक आकडे देऊन त्यांनी लिहिले होते की सामान्य माणसाच्या शारीरिक गरजा ८५ टक्के, सुरक्षिततेच्या ७०, प्रेमाच्या ५०, प्रतिष्ठेच्या ४० आणि आत्मवास्तविकीकरणाची गरज १० टक्के भागलेली असू शकते. म्हणजे माणूस एकाच वेळी सगळ्याच पायऱ्यांवर थोडाथोडा उभा असतो. एखाद्या ध्येयासाठी खालच्या गरजांवर पाणी सोडणारी माणसेही त्यांनी अपवाद म्हणून नोंदवली आहेत. श्रेणीपेक्षाही त्यांचा दुसरा एक भेद चित्रपट वाचताना अधिक कामाला येतो: उणीव भरून काढण्यासाठी केलेली कृती आणि वाढीच्या ओढीने केलेली कृती. दोन्ही कृती वरून सारख्या दिसू शकतात, त्यामुळे त्यांतील फरक ओळखणे हे विश्लेषकाचे खरे काम ठरते.

रॉजर्स यांच्याकडून घ्यायचे ते मापाविषयीचे. त्यांच्या मते मुलाला प्रेम मिळते ते पुष्कळदा अटींसह. ‘तू असा वागलास तरच चांगला’ हा निरोप ते आत्मसात करते, आणि पुढे स्वतःची लायकी त्याच अटींवर ठरवू लागते. प्रत्यक्ष अनुभव एक सांगतो आणि मनातील स्वप्रतिमा दुसरेच सांगते, तेव्हा विसंगती निर्माण होते. ती टाळण्यासाठी माणूस अनुभव नाकारतो किंवा त्याचा विपर्यास करतो. वाढ म्हणजे मूल्यमापनाचे केंद्र बाहेरून आत सरकणे आणि अनुभवाला मोकळेपणाने सामोरे जाणे. यासाठी कोणते नाते लागते हे त्यांनी १९५७ सालच्या निबंधात सांगितले. त्यातील तीन अटी विशेष प्रसिद्ध आहेत: समोरच्या व्यक्तीचा सच्चेपणा, तिने केलेला विनाअट स्वीकार आणि तिची समानुभूती, म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभे राहून त्याचा अनुभव समजून घेणे. रॉजर्स आपल्या लहानपणीची एक आठवण सांगत असत. तळघरात हिवाळ्यासाठी साठवलेल्या बटाट्यांनाही कोंब फुटत. ते फिकट, वेडेवाकडे असत, पण लांबच्या लहानशा खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडेच वाढत. चित्रपटातील बिघडलेल्या, चुकलेल्या किंवा थिजलेल्या पात्राकडे पाहताना ही दृष्टी सोबत असावी. त्याच्या वेडेवाकडेपणातही कोणत्या उजेडाकडे ओढ आहे, हे शोधावे.

दोनदा पाहणे आणि दोन रकान्यांत लिहिणे

पहिल्यांदा चित्रपट वही न घेता पाहावा. दुसऱ्या वेळी वहीच्या पानावर उभी रेघ मारून डाव्या बाजूला फक्त दिसलेले आणि ऐकू आलेले लिहावे, उजव्या बाजूला आपला अर्थ. हा नियम कंटाळवाणा वाटतो, पण तो पाळला नाही तर ‘नायक आता आत्मविश्वासपूर्ण झाला आहे’ अशी वाक्ये निरीक्षण म्हणून वहीत शिरतात, आणि नंतर त्यांचा पुरावा काही केल्या सापडत नाही. डाव्या रकान्यात चार प्रकारच्या नोंदी हव्यात: पात्राने केलेल्या निवडी, त्याच्या शरीराची ठेवण, वारंवार दिसणाऱ्या वस्तू आणि ते कोणाच्या चेहऱ्याकडे पाहून बोलते किंवा गप्प होते ते. संवादांवर फार विसंबू नये. आपल्यात झालेला बदल स्वतः समजावून सांगणारे पात्र हे बहुधा पटकथाकाराचे अपयश असते.

सुरुवातीची स्थिती: काय नाही, आणि कोणत्या अटीवर जगणे चालले आहे

‘इकिरू’ सुरू होतो तो नायकाच्या पोटाच्या क्ष-किरण चित्राने. निवेदक सांगतो की या माणसाला जठराचा कर्करोग आहे आणि त्याला स्वतःला हे अजून ठाऊक नाही. मग वातानाबे दिसतो: नागरी कार्यालयातील एका विभागाचा प्रमुख, कागदांच्या ढिगाऱ्यांमध्ये बसून शिक्के मारणारा, जवळपास तीस वर्षांत एकदाही रजा न घेतलेला. वस्तीतील सांडपाण्याचे डबके बुजवून तेथे मुलांसाठी मैदान करावे, असा अर्ज घेऊन काही स्त्रिया येतात. त्यांना एका विभागातून दुसऱ्या विभागात फिरवत फिरवत अखेर जेथून निघाल्या तेथेच परत पाठवले जाते.

या भागात लायकीची अट शोधायची आहे. वातानाबेची अट हजेरीपटावर आहे: खुर्चीवर बसून राहिलो, चूक केली नाही, म्हणजे मी योग्य आहे. घरी दुसरी अट आहे: पत्नी गेल्यानंतर मी मुलासाठी सर्व काही केले, म्हणजे माझे आयुष्य वाया गेलेले नाही. मॅस्लोच्या भाषेत बोलायचे तर नोकरी आहे, घर आहे, पद आहे. सुरक्षितता आणि प्रतिष्ठेचे खाते बाहेरून भरलेले दिसते, तरीही निवेदक म्हणतो की हा माणूस जिवंत असून जगत नाही. येथे थांबून एक प्रश्न विचारावा: ही प्रतिष्ठा त्याला वाटते, की फक्त त्याच्या टेबलाला मिळते?

याच भागात एक क्षण असा आहे की जो पहिल्या पाहण्यात बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. शिक्का पुसायला कागद हवा म्हणून वातानाबे खण उघडतो. त्यात त्यानेच वीसेक वर्षांपूर्वी तयार केलेला, कार्यालयाचे कामकाज सुधारण्याचा प्रस्ताव पडलेला आहे. तो त्याचे एक पान फाडतो, शिक्का पुसतो आणि पान टाकून देतो. चेहऱ्यावर काहीही उमटत नाही. डाव्या रकान्यात एवढेच लिहावे. उजव्या रकान्यात मात्र भरपूर लिहिता येते: वाढीची ओढ या माणसात कधीकाळी होती, तिला कार्यालयाने प्रतिसाद दिला नाही, आणि आता तो स्वतःच तिचा चिंधीसारखा वापर करतो आहे. पुढे जे घडते ते शून्यातून उगवलेले नाही, याचा पुरावा चित्रपटाने सुरुवातीलाच ठेवला आहे. प्रत्येक चांगल्या व्यक्तिरेखेत असा एखादा खण असतो. तो सापडेपर्यंत लिहायला बसू नये.

धक्का म्हणजे वाढ नव्हे

आजाराची बातमी वातानाबेला सरळ कोणी सांगत नाही. दवाखान्यातील दुसरा एक रुग्ण त्याला आधीच सांगतो की कर्करोग असेल तर डॉक्टर साधा व्रण आहे म्हणतील, वाटेल ते खा म्हणतील. आणि डॉक्टर नेमके तेच म्हणतात. सच्चेपणाचा अभाव याहून नेमका दाखवणे कठीण आहे. त्यानंतर तो रस्त्याने चालत असताना पडद्यावर शांतता असते आणि अचानक वाहनांचा गोंगाट त्याच्यावर कोसळतो. ध्वनीची अशी योजना हासुद्धा मानसशास्त्रीय पुरावा आहे: बाहेरचे जग त्याच्या अनुभवातून किती तुटले होते, हे दिग्दर्शक संवादाशिवाय सांगतो. व्यक्तिरेखेचे विश्लेषण करणारे विद्यार्थी कॅमेरा आणि ध्वनी यांना सजावट समजून वगळतात, हे मला नेहमीच खटकते.

यानंतर वातानाबे बँकेतून पन्नास हजार येन काढतो आणि एका लेखकाच्या सोबतीने रात्रभर शहरातील मौजमजेच्या ठिकाणी भटकतो. जुनी टोपी जाते, नवी येते. अनेक जण या रात्रीला परिवर्तनाची सुरुवात म्हणतात. उणीव आणि वाढ यांतील भेद येथेच वापरायचा. या रात्री त्याचे माप बदललेले नाही. फक्त ते हजेरीपटावरून उठून दुसऱ्याच्या सुखाच्या कल्पनेवर गेले आहे. ‘जगणे म्हणजे काय’ हे आता कार्यालयाऐवजी तो लेखक ठरवतो. मद्यालयात वातानाबे तारुण्य निसटून जाण्याविषयीचे एक जुने गाणे म्हणतो, तेव्हा त्याचे डोळे भरून येतात आणि भोवतालची माणसे दूर सरकतात. वेदना प्रथमच उघडी झाली आहे, अनुभव नाकारणे थांबले आहे, आणि हे महत्त्वाचे आहेच. पण दिशा अजून नाही. आपल्या लेखात या टप्प्याला ‘बचाव गळून पडणे’ म्हणावे, ‘वाढ’ म्हणू नये.

कोणाच्या सहवासात बदल घडतो

रॉजर्स यांच्या तीन अटी हाताशी घेऊन प्रत्येक दुय्यम पात्र तपासावे. मुलगा मित्सुओ बापाचे ऐकून घेत नाही. वातानाबे आजाराविषयी सांगायला तोंड उघडतो, तेव्हा बापाचे तरुण मुलीशी संबंध आहेत असे गृहीत धरून तो वारसा आणि पैशांवर बोलू लागतो, आणि बाप पुन्हा गप्प होतो. लेखक सहानुभूती दाखवतो, पण त्याला वातानाबेमध्ये एक कथा दिसते.

उरते ती तोयो, कार्यालयातील तरुण कर्मचारी. राजीनाम्यावर शिक्का हवा म्हणून ती त्याच्या घरी येते. तिने सहकाऱ्यांना ठेवलेली टोपणनावे ती हसत सांगते, आणि आढेवेढे घेत वातानाबेचेही सांगते: ममी. तो हसतो. तीस वर्षांत त्याच्याशी इतके खरे बोललेली बहुधा ही पहिलीच व्यक्ती. पुढे तो म्हणतो की मी मुलासाठी असा झालो. त्यावर ती उत्तर देते की त्याचा दोष मुलावर कशाला, मुलाने काही तुम्हाला ममी व्हायला सांगितले नव्हते. घरच्या अटीची गाठ येथे सुटते. ज्या त्यागावर तो स्वतःची किंमत मोजत होता, तो त्याने स्वतःच निवडला होता. आणि जे स्वतः निवडले ते स्वतः बदलताही येते.

मात्र येथे एक मोह आवरावा लागतो. तोयोला समुपदेशक बनवून तिच्यात तिन्ही अटी पाहण्याची घाई करू नये. तिच्यात सच्चेपणा ओसंडून वाहतो, पण विनाअट स्वीकार नाही. ती त्याला कंटाळते, आणि शेवटच्या भेटीत तर घाबरते. चित्रपटातील नाती सिद्धांताच्या साच्यात अर्धीमुर्धीच बसतात, आणि कोणता भाग बसत नाही हे लिहिल्यानेच विश्लेषणाला धार येते. माझ्या वाचनात तोयोचे योगदान स्वीकाराचे नाही, उदाहरणाचे आहे. ती खेळण्यांच्या कारखान्यात चावीचे ससे बनवते, आणि ते बनवताना देशातल्या सगळ्या बाळांशी खेळत असल्यासारखे तिला वाटते. टेबलावर ससा उड्या मारत असताना ती सुचवते की तुम्हीही काहीतरी बनवा. आता उशीर झाला, असे तो आधी म्हणतो. मग थबकतो, आणि उशीर झालेला नाही, कार्यालयातही काही करता येईल, असे त्याला उमगते. ससा हातात घेऊन तो जिना उतरतो, त्याच वेळी समोरच्या बाजूला जमलेली तरुण मंडळी वर येणाऱ्या आपल्या मैत्रिणीसाठी वाढदिवसाचे गाणे म्हणत असतात.

बदलाचा पुरावा कुठे मागावा

निर्धाराच्या दृश्यावर लेख संपवू नये. निर्धार सोपा असतो आणि चित्रपटांत तो स्वस्तही मिळतो. वाढ झाली असे म्हणण्यासाठी तीन गोष्टी तपासाव्यात. नवे वागणे पुन्हा पुन्हा दिसते का? त्यासाठी पात्राला किंमत मोजावी लागते का? आणि कोणी पाहत नसताना, कोणी कौतुक करत नसताना ते टिकते का? तिसरी कसोटी सर्वांत कडक आहे, कारण मूल्यमापनाचे केंद्र आत सरकले आहे की नाही, हे तिच्यानेच कळते.

‘इकिरू’ची रचना जणू याच कसोटीसाठी केलेली आहे. वातानाबे कामाला लागतो आणि लगेच निवेदक सांगतो की पाच महिन्यांनी तो वारला. शेवटचा मोठा भाग त्याच्या मृत्यूनंतरच्या विधीच्या बैठकीत घडतो. मैदान तयार झाले आहे, श्रेय उपमहापौर घेऊन गेले आहेत, आणि वातानाबे खरोखर बदलला होता का, यावर सहकारी दारू पीत वाद घालत आहेत. त्यांच्या आठवणींतून दृश्ये येतात: विभागप्रमुखांसमोर वाकून तासन्‌तास उभा राहणारा वातानाबे; विषय सोडून द्या असे उपमहापौरांनी सुनावल्यावरही जागचा न हलणारा वातानाबे; जीव प्यारा नाही का, असे गुंडाने विचारल्यावर नुसता हसणारा वातानाबे. पुनरावृत्ती आहे, किंमत आहे. अपमान करणाऱ्यांवर रागावायलाही आपल्याकडे वेळ नाही, असे तो एका सहकाऱ्याला सांगतो. प्रतिष्ठेची गरज भागलेली नाही, ती मागे पडली आहे. आणि हा फरक लेखात स्पष्ट शब्दांत यायला हवा.

मग पोलीस शिपाई येतो आणि मृत्यूच्या रात्री मैदानात बर्फात झोक्यावर बसून गाणे म्हणणाऱ्या वातानाबेला आपण पाहिले होते, असे सांगतो. गाणे तेच आहे, मद्यालयातले. डाव्या रकान्यातील दोन नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात: एकच माणूस, एकच गाणे, एकदा गमावल्याचे दुःख, एकदा शांत समाधान. मॅस्लो यांच्या ‘शिखरानुभव’ (आनंदाचा, भारावून टाकणारा उत्कट क्षण) या संकल्पनेचा उल्लेख करायचाच असेल तर येथे करावा, पण तुलना दाखवून मगच.

येथे सिद्धांताला एक प्रश्नही विचारायला हवा. वातानाबेने स्वतःला घडवण्याचा प्रयत्न केलाच नाही. त्याने मैदान घडवले. मनोचिकित्सक व्हिक्टर फ्रांकल यांचा आक्षेप असा होता की आत्मवास्तविकीकरण हे थेट गाठायचे उद्दिष्ट होऊच शकत नाही. माणूस स्वतःपलीकडील एखाद्या कार्याला किंवा व्यक्तीला वाहून घेतो, तेव्हा ते उपफळ म्हणून मिळते. मॅस्लो यांनीही अखेरच्या वर्षांत स्वतःपलीकडे जाण्याच्या या प्रेरणेला वेगळे स्थान दिले. मॅस्लो यांची आत्मवास्तविकीकरणाची उदाहरणे त्यांनी स्वतःच निवडलेल्या व्यक्तींवर आधारलेली होती आणि त्यामुळे ती पद्धत वादग्रस्त राहिली, हेही एका वाक्यात नोंदवावे. एका वाक्यात पुरे. लेखाचा विषय चित्रपट आहे.

लेखनाच्या वेळी

आता दोन्ही रकाने समोर ठेवून लिहायला बसावे. ‘वातानाबेने सुरक्षिततेच्या पायरीवरून आत्मवास्तविकीकरणाच्या पायरीवर झेप घेतली’ हे वाक्य कोणत्याही नायकाचे नाव घालून चालते, म्हणून ते खोडावे. त्याऐवजी असे लिहिता येते: ‘स्वतःच्याच जुन्या प्रस्तावाने शिक्का पुसणारा वातानाबे, पाच महिन्यांत दुसऱ्यांच्या अर्जासाठी दारोदार वाकू लागतो, कागद तेच आहेत, पण त्यांची किंमत ठरवणारा आता तो स्वतः आहे.’ या वाक्यात एकही पारिभाषिक संज्ञा नाही. संज्ञा त्यानंतर आणावी, दृश्य आधी मांडून झाल्यावर. एका परिच्छेदात एकच संज्ञा पुरते. पात्राला आजारी ठरवणारे निदान टाळावे, कारण ही परंपराच माणसाकडे रुग्ण म्हणून पाहण्याच्या विरोधात उभी राहिली होती. दिग्दर्शकाने रॉजर्स किंवा मॅस्लो वाचले असतील, असा दावाही करू नये. विश्लेषणाला त्याची गरज नसते.

वाढ न झालेल्या पात्रांनाही जागा द्यावी, कारण त्यांच्यामुळे नायकाची वाढ मोजता येते. बैठकीतले सहकारी दारूच्या भरात शपथा घेतात की आता आपणही वातानाबेसारखे काम करू. दुसऱ्या दिवशी नवा अर्ज येतो आणि तो पुन्हा दुसऱ्या विभागाकडे ढकलला जातो. किमुरा नावाचा एकच सहकारी ताडकन उठून उभा राहतो, सगळे त्याच्याकडे पाहतात, आणि तो हळूहळू खाली बसून कागदांच्या ढिगाऱ्याआड दिसेनासा होतो. भावना त्याच्यातही खरी होती. मात्र भोवतालचे सगळे चेहरे अटी घालणारे होते आणि त्याच्याशी खरे बोलणारे कोणी नव्हते. किमुरावर एक स्वतंत्र परिच्छेद लिहून पाहावा. जो परिच्छेद वातानाबेसाठी लिहिला, तोच नाव बदलून किमुराला लागू पडत असेल, तर वातानाबेवरचा परिच्छेद पुन्हा लिहावा लागेल.